चाळिसावरची थरथर

सुपेल्याची गर्दी मागे पडली, जुनवानीच्या अंगाला रस्ता मोकळा झाला, काटा पस्तीस ओलांडून चाळिसाकडे सरकला आणि नरहरीच्या तळहातात पुन्हा ती थरथर सुरू झाली. नेमकी तिथेच. पस्तिसाला नाही, पन्नासाला गाडी नेली तर उलट विरते, पण चाळिसाच्या आसपास कुणीतरी स्टिअरिंगच्या आत बसून बारीक चाळण हलवल्यासारखं होत राहतं. खरं म्हणजे भिलाईच्या सेक्टर सातातल्या क्वार्टरमधून कोहक्याला जायला जुनवानीचा वळसा घ्यायची काहीएक गरज नव्हती. बायकोला, कमलिनीला, कोहक्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोडायचं, आणि ती बायकांमध्ये बसेल तेवढ्या वेळात तिथल्याच केवलराम फिटरच्या अंगणात जीप दाखवायची, एवढंच काम होतं. पण वाटेत एकदा चाळीस करून पाहिल्याशिवाय नरहरीला राहवलं नसतं. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. कमलिनी मांडीवर तिळगुळाचा डबा धरून समोर बघत होती, नाकातली मोरणी उन्हात चमकत होती, आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ‘‘लागून राहिलं का काही?’’ त्याने विचारलं. ‘‘काय?’’ ‘‘थरथर.’’ ‘‘मले तर काही नाही वाटून राहिलं,’’ ती म्हणाली आणि डब्याचं झाकण दाबून पुन्हा नीट बसवलं. गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न त्याने तिला कितीदा विचारला असेल आणि तिने हेच उत्तर दिलं होतं. त्याने गाडी तिसावर आणली. थरथर गेली.

बाकी लोकांना अशा वेळी राग येतो किंवा कंटाळा येतो. नरहरीला कुतूहल वाटतं, आणि ते त्याचं जुनं दुखणं आहे. रेल मिलमध्ये पंचवीस वर्षं तो रूळ तपासतो. गार झालेल्या रुळाच्या टोकाशी उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने रुळाच्या अंगावरून लांबवर नजर सोडायची. कुठे केसभर बाक असला तर नजर तिथे अडखळते. मग सरळपट्टी ठेवायची आणि तिच्याखाली फट मोजायचं, फीलरचं पातळ पान सरकवून पाहायचं. या कामाला डोळा लागतो आणि त्याहून जास्त हात लागतो. पान धरलेली बोटं जराही हलली की माप खोटं. मिलमधली पोरं त्याची चेष्टा करायची, की नरहरीभाऊ लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी पंगतीची रांग सरळ आहे का ते बघतात. ते खोटं नव्हतं. म्हणून जीपची थरथर त्याने तशीच मापायला घेतली होती. डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून झाला. तो रस्त्याच्या पहिल्याच खड्ड्यात त्याच्या विजारीवर सांडला. मुलीला, शीलाला, मागे बसवून ‘‘डोळे मिट आणि सांग’’ असं सांगून झालं. ती कॉलेजातली पोरगी, मराठी फक्त आईशी भांडण्यापुरती बोलणारी. ‘‘बाबा, पीछे तो सब कुछ हिलता है, किसका बताऊँ?’’ एवढं म्हणून तिने डोळे उघडले. केवलरामनेही गाडी एकदा कोहक्याच्या गल्लीत फिरवून आणली होती, आणि ज्या गल्लीत गाईम्हशींमुळे वीसच्या वर जाता येत नाही तिथून येऊन छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘‘काही नाही भाऊ, मक्खन हाय गाडी.’’

म्हणजे चौघांपैकी तिघांना काही जाणवत नव्हतं. ज्याला जाणवत होतं तो एकटा नरहरी, आणि तेसुद्धा हातात. एका रात्री जेवताना हा हिशेब त्याच्या मनात सरळ उभा राहिला आणि घास तोंडातच राहिला. तेव्हापासून त्याने गाडीबरोबर स्वतःचीही तपासणी सुरू केली, अर्थात कुणाला न सांगता. चहाची बशी काठोकाठ भरून ओटीवरून अंगणापर्यंत नेऊन पाहिली; थेंब सांडला नाही. कमलिनीच्या सुईत दोरा ओवून पाहिला. पहिल्याच खेपेला गेला. मिलमध्ये सगळ्यात पातळ पान पट्टीखाली सरकवताना स्वतःच्या बोटांकडे परक्याच्या बोटांकडे पाहावं तसं पाहिलं. बोटं स्थिर होती. मग तो खूश व्हायचा, दिवसभर शीळ घालायचा, आणि पुढच्या रविवारी चाळिसाला पोचला की पुन्हा शंका. कारण आनंदरावांचंही असंच होतं. आनंदराव म्हणजे त्याचे वडील, गोंदियाच्या शाळेत मास्तर. घर रुळांपासून इतकं जवळ की मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी बोलायची. बावन्नाव्या वर्षी आनंदरावांनी एका दुपारी आईला हाक मारून सांगितलं, ‘‘ही खाट हलून राहिली. गाडी चालली का कोणती?’’ गाडी नव्हती. मग त्यांनी खाटेच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. नंतर दुसऱ्या पायाखाली. नंतर खाट भिंतीपासून दूर ओढली, नंतर भिंतीला टेकवली. नरहरी तेव्हा नुकता भिलाईला लागलेला, सुट्टीत घरी आला होता. वडील खाटेवर ओणवे होऊन दोरीची वीण तपासताहेत आणि त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर, विडी वळणाऱ्या बाईचा फिरतो तसा, आपला आपला फिरतोय, हे त्याने पाहिलं. खाट जागच्या जागी होती. आनंदराव पुढे अकरा वर्षं जगले, आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले की या घराचा पायाच रुळांनी ढिला केला. नरहरी आता बावन्नाचा होता. हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

कमलिनीला चौकातल्या घरी सोडून तो केवलरामच्या अंगणात आला तेव्हा केवलराम उन्हात पाट टाकून दाढी करत बसला होता. स्टील प्लँटच्या गाड्यांच्या गॅरेजात तो फिटर, मूळचा साकोलीकडचा, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या अंगणात लोकांच्या गाड्या उघडणारा. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो उठला. ‘‘मंग भाऊ, अजून नाचून राहिली का तुमची घोडी?’’ नरहरीने सांगितलं, नाचून राहिली. आणि आज खालून पाहायचं, प्रोपेलर शाफ्टचे सांधे पाहायचे. ‘‘सांधे विश्वकर्मा पूजेच्या टायमाले नवीन टाकले ना आपण. दोन्ही क्रॉस नवीन. मीच बसवले, माझ्या हातानं. तुमी कावून टेंशन घेता?’’ ‘‘मले पाहू तर दे,’’ नरहरी म्हणाला. आपला आवाज जरा जास्तच काकुळतीला आला हे त्याच्या लक्षात आलं, आणि बहुधा केवलरामच्याही, कारण तो उरलेली दाढी तशीच ठेवून जॅक आणायला गेला. नरहरीला वाटलं, आता जर सांधे नीट निघाले तर मग काय उरतं? चाकं पाहून झाली, इंजिनाचे रबर पाहून झाले, स्टिअरिंगचा डबा पाहून झाला. गाडीत शोधायला आता एवढीच जागा शिल्लक होती. तिच्यानंतर नंबर त्याचा स्वतःचा होता. इतक्या उत्सुकतेने बिघाड सापडावा म्हणून वाट पाहणारा गाडीमालक केवलरामने याआधी पाहिला नसेल.

गोणपाटावर पाठ टेकून तो जीपखाली सरकला. वर चंदेरी रंगाचा शाफ्ट, इंजिनाकडून मागच्या चाकांकडे गेलेला, तिरपा. दोन टोकांना दोन सांधे. या सांध्यांची गंमत त्याने मागेच समजून घेतली होती, आणि ती त्याला मनापासून आवडली होती. सांधा वाकून फिरतो तेव्हा एका फेऱ्यात तो थोडा पुढे पळतो आणि थोडा मागे रेंगाळतो. सरळ चालणं त्याच्या स्वभावातच नाही. पण दुसऱ्या टोकाचा सांधा तेवढंच उलट करतो. हा पळाला की तो रेंगाळतो. दोघांची चूक एकमेकांत जिरते आणि चाकाला काही कळत नाही. फक्त त्यासाठी दोन्ही टोकांची, सांध्याला दोन कानांनी धरणारी बेचकी एका ओळीत हवीत. शाफ्ट मध्ये दोन तुकड्यांचा असतो, एक तुकडा दुसऱ्यात दात्यांवर सरकतो, आणि तो खोलून परत घालताना एकदोन दाते जरी चुकले तरी दोघांच्या चुका जिरायच्या सोडून एकात एक मिळतात. केवलराम शेजारी सरकला आणि त्याने बोट दाखवलं. ‘‘हे पाहा. लाल ठिपक्यासमोर लाल ठिपका. निशान एकदम बराबर.’’ खरंच, जोडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, दोन लाल ठिपके समोरासमोर होते. तरी सवयीने त्याने एक डोळा मिटला आणि शाफ्टच्या अंगावरून नजर सोडली. नजर अडखळली. ‘‘ओळंबा हाय का?’’ त्याने विचारलं. केवलरामच्या घराची मागची भिंत अर्धवट होती, त्यामुळे ओळंबा होता. चाक हाताने फिरवून मागच्या बेचक्याचे दोन्ही कान उभ्या रेषेत आणले, दोरा सोडला. तो वरच्या कानाला लागला आणि खालच्यालाही लागला. मग पुढच्या बेचक्याशी. दोरा वरच्या कानाला टेकवून नरहरीने श्वास रोखला. लंबक हळूहळू स्थिर झाला, अगदी स्थिर, आणि त्याला पहिल्यांदा आपल्या हाताचाच अभिमान वाटला. खालचा कान दोऱ्यापासून चांगला बोटभर बाजूला होता.

‘‘असं कसं?’’ केवलराम म्हणाला. ‘‘निशान तर बराबर हाय.’’ नरहरीने अंगठ्याने एक लाल ठिपका घासला. रंग असता तर निघाला नसता. हा निघाला, अंगठ्यावर उतरला, आणि त्याने वास घेतला तर तेल आणि कुंकू. ठिपक्याची जागा सोडून बाजूला, चंदेरी रंगाच्या थराखाली, नखाने खरवडल्यावर लोखंडात ठोकलेला मूळचा बाण दिसला. त्याच्या समोर काहीच नव्हतं. त्याचा जोडीदार बाण पार तीन दाते पलीकडे होता. दोघांनाही एकदमच विश्वकर्मा पूजेची ती सकाळ आठवली. सप्टेंबरातलं ऊन, गल्लीच्या तोंडाशी लाउडस्पीकर, आणि याच अंगणात धुतलेल्या गोणपाटावर जीपचे सगळे सुटे भाग मांडलेले. पूजेच्या दिवशी हत्यार मळकं ठेवायचं नाही म्हणून केवलरामने शाफ्टचे दोन्ही तुकडे रॉकेलने धुवून वरून चंदेरी रंग मारला होता. एरवी त्याची शिस्त अशी, की कोणताही शाफ्ट खोलायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि घालताना ठिपक्याला ठिपका जुळवायचा. त्या दिवशी त्याचे ठिपके रॉकेलात गेले. आणि मग कमलिनी आली, ताट घेऊन, पदर खोचून. बॉनेटला कुंकू लावलं, पान्यांना लावलं, जॅकला लावलं, रॉकेलच्या पिंपालासुद्धा लावलं, आणि ओल्या रंगावर मधल्या बोटाने, एक या तुकड्याला आणि एक त्या तुकड्याला, कुणावर अन्याय नको म्हणून. बुंदीचा प्रसाद खाऊन केवलराम शाफ्ट जोडायला बसला तेव्हा समोर दोन लाल ठिपके तयार होते. ‘‘म्हणजे गाडी वहिनीनं फिट केली म्हणा ना!’’ केवलरामने कपाळावर हात मारला, साबण डोळ्यात गेला, आणि तो हसतच बाहेर सरकला. नरहरीही हसला, जीपखाली उताणा पडून, पोट हलेपर्यंत. गाडीत होतं. चार महिने गाडीतच होतं. त्याला गोंदियाच्या घराच्या छपरावर चढून ओरडून सांगावंसं वाटलं की खाट खरंच हलत होती.

जोड खोलून, बाणाला बाण लावून, शाफ्ट पुन्हा वर चढवायला फारसा वेळ लागला नाही. शेवटी केवलराम ग्रीसची पिचकारी आणायला घरात गेला. नरहरी तसाच पडून राहिला. आता घाई कशाचीच नव्हती. गोणपाटातून जमिनीचा गारवा पाठीला लागत होता, कुठेतरी आत केवलरामची बायको मिरच्या तळत होती आणि त्या खकाण्याने त्याला शिंक येता येता राहिली. हात पोटावर होता, अगदी सैल. ओळंब्याचा दोरा अजून तर्जनीला गुंडाळलेला, लंबक खाली बोल्टांच्या पत्र्याच्या ताटलीला टेकलेला. टिक टिक टिक टिक, असा बारीक आवाज येत होता. त्याला आधी वाटलं, केवलराम पलीकडे काही ठोकतोय. मग वाटलं, इंजिन गार होताना पत्रा वाजतो तसं काही असेल. पण इंजिन केव्हाचं गार होतं. आवाजाची लय मात्र छान होती, एकसारखी, न चुकणारी, आणि त्याचं कुतूहल जागं झालं. त्याने मान वळवून पाहिलं. ताटलीच्या काठावर पितळी लंबक नाचत होता. दोरा नाचत होता. दोऱ्याच्या वरच्या टोकाला त्याचा अंगठा तर्जनीवर पुढेमागे फिरत होता, आपला आपला, त्याला न विचारता. त्याने हात उचलला, अंगठा थांबला. पोटावर ठेवला आणि वाट पाहिली. थोडा वेळ काही नाही, आणि मग टिक टिक टिक. पुन्हा उचलला, थांबला. पुन्हा ठेवला. हे तो किती वेळ करत राहिला कोण जाणे. भीती नंतर आली. आधी फक्त हे मनात आलं की आपण तीन महिने हात तपासला तो नेहमी हातात काहीतरी देऊनच तपासला. बशी, सुई, पान, दोरा. रिकाम्या हाताकडे कधी पाहिलंच नाही. आनंदरावांचा हातही खडू धरला की शांत व्हायचा. म्हणून तर पाहुणे आले की आई त्यांच्यापुढे तांदळाचं सूप सरकवायची, ‘‘जरा खडे पाहून द्या न,’’ म्हणून, आणि पाहुणे मास्तरांच्या साधेपणाचं कौतुक करत जायचे. मग भीती आली. केवलरामची चप्पल वाजली तेव्हा त्याने दोरा भराभर सोडवून लंबक ताटलीत टाकला.

कमलिनी चौकात उभीच होती, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात वाणाचं स्टीलचं भांडं. ‘‘सापडलं काही?’’ बसता बसता तिने विचारलं. त्याने सांगितलं. सांगताना त्याने हसून सांगितलं आणि तीही हसली, ‘‘माझंच कुंकू? अगं बाई!’’ म्हणून पदर तोंडाला लावून हसली. मग त्याने न विचारताच गाडी जुनवानीकडे वळवली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं. तीस. पस्तीस. चाळीस. काही नाही. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती. त्याने काटा तिथेच धरून ठेवला, बेचाळीस, अडतीस, पुन्हा चाळीस, आणि कुठेही काही नाही. इतकी वाट पाहिलेल्या गोष्टीचा आनंद करता येऊ नये याचं त्याला फार वाईट वाटलं.

‘‘थांबली,’’ कमलिनी म्हणाली.

‘‘काय थांबली?’’

‘‘थरथर.’’

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. ‘‘तुले तर जाणवतच नव्हती.’’

‘‘कशी नाही जाणवे? सीट हाले, पाय हाले, सगळंच हाले.’’ ती समोर बघत होती. ‘‘मले वाटे तुमच्या हातानंच गाडी हालून राहिली. म्हणून नाही म्हणे.’’

सुपेल्यात एका रिक्षावाल्याने मधेच रिक्षा घातली तरी त्याने हॉर्न वाजवला नाही. त्याच्या डोक्यात दिवाळीपासूनचे दिवस उलगडत होते. रेडिओ ऐकत आरामखुर्चीत पडलं की ही येऊन मांडीवर वाटाण्याच्या शेंगा ओतणार. शेजारचे गप्पांना आले की लोकरीची लड मनगटांवर अडकवणार. ‘‘हे धरा जरा,’’ ‘‘एवढं सोलून द्या,’’ ‘‘रिकामे बसले तर शेवया तोडा.’’ तो चिडायचा, म्हणायचा की नवऱ्याला मोलकरीण केलं हिनं. लग्न होऊन ती गोंदियाच्या घरी आली तेव्हा पहिली दोन वर्षं सासूच्या हाताखाली होती. तांदळाचं सूप मास्तरांपुढे का सरकायचं हे तिला ठाऊक होतं.

क्वार्टरसमोर त्याने इंजिन बंद केलं. जास्वंदीच्या कुंपणापलीकडे शीला कुणाशी तरी हिंदीत बोलत होती. तो उतरला नाही, तीही उतरली नाही. स्टिअरिंगवरचे हात सोडायला त्याला धीर होत नव्हता. ‘‘केव्हापासून माहीत हाय तुले?’’ त्याने विचारलं.

‘‘कोजागिरीपासून. दुधाचा पेला खाली ठेवला तुम्ही, आन् हात मांडीवर ठेवला.’’

‘‘मंग बोलली कावून नाही?’’

‘‘तुम्ही गाडीत शोधून राहिले होते,’’ कमलिनी म्हणाली. ‘‘म्हटलं, पहिले गाडी तर होऊ द्या.’’ तिने हातातलं वाणाचं भांडं मधे सीटवर ठेवलं. ‘‘गाडीचं झालं. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ. मामंजींले कोणी नेलं नाही. कोणी पाहिलंच नाही, सारे खाटच पाहत राहिले.’’

त्याने हात सोडले. उजवा हात मांडीवर ठेवला, सैल, आणि दोघं त्याच्याकडे बघत बसले. आधी काही झालं नाही. मग अंगठा निघाला, हळूच, तर्जनीवरून पुढे, मागे, पुढे. त्याने सवयीने काहीतरी धरायला हात उचलला. वाणाचं भांडं मधेच सीटवर होतं, त्याच्या हातापासून वीतभर. कमलिनीने ते उचललं आणि आपल्या पायाशी खाली ठेवून दिलं.

‘‘हालू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘पाहू तरी किती हालते.’’